बाळाच्या जिवावर बेतते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक वर्षाच्या आतल्या बाळाची प्रकृती अचानक बिघडते, तेव्हा औषधांच्या किंवा यंत्रांच्या अभावाइतकाच वेळ घरातल्या निर्णयात जातो. आईला काहीतरी बिनसल्याचे आधी जाणवते, मग सासूबाईंना विचारले जाते, मग बाळाचे वडील कामावरून येण्याची वाट पाहिली जाते आणि शेवटी "सकाळपर्यंत बघू या" असे ठरते. पुढील उत्तरे हा वेळ कमी व्हावा म्हणून लिहिली आहेत. ती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत, मात्र तपासणीपर्यंत बाळ जिवंत आणि सुस्थितीत पोहोचावे यासाठी त्यांचा उपयोग व्हावा.

बाळाला बोलता येत नाही. मग प्रकृती गंभीर आहे हे कशावरून ओळखायचे?

बाळाचे पिणे, श्वास, रंग आणि हालचाल या चार गोष्टींकडे पाहावे. कालपर्यंत जोराने ओढणारे बाळ आज स्तन तोंडात धरून नुसते पडून राहते किंवा दोन-तीनदा ओढून दमते, हे तान्ह्या बाळाच्या गंभीर आजाराचे बहुधा पहिले आणि सर्वांत विश्वासार्ह लक्षण असते. बाळ उठवूनही उठत नाही, तळपायाला टिचकी मारल्यावरच जरासे हलते, हातपाय लुळे टाकते किंवा त्याचे रडणे अगदी क्षीण झाले आहे, असे दिसले तर ते "शांत झोपले आहे" असा समज करून घेऊ नये.

रंग पाहताना हातापायांवर विसंबू नये, कारण जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत तळहात आणि तळपाय थोडे निळसर असणे स्वाभाविक असते. जीभ, हिरड्या आणि ओठांची आतली बाजू पाहावी. त्या निळ्या, राखाडी किंवा पांढऱ्याफटक दिसल्या तर एक मिनिटही थांबू नये. सावळ्या बाळांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्वचेवरून हा बदल लवकर कळत नाही.

यापैकी काहीच नेमके सांगता येत नसेल, पण आईला "बाळ नेहमीसारखे नाही" असे ठामपणे वाटत असेल, तर तेवढे कारण पुरेसे आहे. बाळाला दिवसरात्र पाहणाऱ्या व्यक्तीची ही नोंद अनुभवी डॉक्टरही गांभीर्याने घेतात, आणि घरच्यांनीही तितक्याच गांभीर्याने घ्यावी.

श्वास मोजायचा कसा, आणि किती म्हणजे जास्त?

बाळ शांत असताना किंवा झोपेत असताना त्याचे झबले वर करावे आणि पोटाची हालचाल पाहत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर पुन्हा एकदा मोजावे, आणि दुसऱ्यांदाही तसेच आढळले तर बाळाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. दोन महिने ते एक वर्ष या वयात ही मर्यादा 50 आहे.

आकड्याइतकेच महत्त्व श्वासासाठी चाललेल्या धडपडीला आहे. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येणे आणि श्वासाच्या तालावर डोके हलणे ही धोक्याची लक्षणे आहेत. गावाकडे "बाळाचे पोट उडते आहे" असे म्हणतात ती अवस्था पुष्कळदा न्यूमोनियाची असते. तिच्यावर छातीला लेप लावून किंवा शेक देऊन इलाज होत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बराच वेळ धापा टाकणाऱ्या बाळाचा श्वास अचानक मंदावला आणि ते निपचित पडले, तर त्याला आराम पडला असे समजू नये. ते थकले आहे आणि त्याचा श्वास कोणत्याही क्षणी थांबू शकतो.

झोपेत बाळाचा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो. हे धोक्याचे आहे का?

पहिल्या काही महिन्यांत काही श्वास भराभर घेणे, मग पाच-दहा सेकंद थांबणे आणि पुन्हा सुरू करणे हे निरोगी बाळातही दिसते. श्वास 20 सेकंद किंवा त्याहून अधिक थांबला, अथवा त्याहून कमी वेळ थांबला पण रंग बदलला किंवा अंग ढिले पडले, तर ती तातडीची अवस्था आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अधिक सावध राहावे.

ताप नाही, उलट अंग गार लागते आहे. मग काळजीचे कारण नाही ना?

आहे, आणि तापापेक्षा कमी नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग तापाऐवजी अंग गार पाडून प्रकट होऊ शकतो. डिजिटल थर्मामीटर काखेत नीट धरून तापमान पाहावे. ते 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 99.5 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, अथवा 35.5 अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे 95.9 अंश फॅरनहाइटपेक्षा कमी असेल, तर या वयाच्या बाळाला त्याच वेळी रुग्णालयात दाखवावे. तापाचे थेंब घरी देऊन वाट पाहू नये, कारण ताप उतरला तरी जंतुसंसर्ग तसाच राहतो आणि तपासणीत त्याची खूण मात्र झाकली जाते.

गार पडलेल्या बाळाला कपडे काढून आईच्या उघड्या छातीशी धरावे, डोक्याला टोपी घालावी आणि वरून दोघांना पांघरूण घालावे. शेगडी किंवा गरम पाण्याची बाटली अंगाजवळ ठेवू नये, कारण नाजूक त्वचा भाजते.

घशात काही अडकले तर काय करावे?

प्रथम बाळ खोकते आहे की नाही ते पाहावे. ते जोराने खोकत किंवा रडत असेल, तर हवा आतबाहेर होते आहे. त्याला खोकू द्यावे, जवळ बसून लक्ष ठेवावे आणि मध्ये काही करू नये. आवाज बंद झाला, खोकला क्षीण झाला किंवा ओठ निळे पडू लागले, तर पुढील कृती लगेच करावी.

बाळाला आपल्या हाताच्या पुढच्या भागावर पालथे घ्यावे, तो हात मांडीवर टेकवावा, जबडा बोटांनी धरून डोके छातीपेक्षा खाली ठेवावे आणि तळहाताच्या मनगटाकडील भागाने दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा माराव्यात. वस्तू बाहेर पडली नाही, तर डोके आणि मान सांभाळत बाळाला उताणे करावे आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा जोराने दाबावे. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ बेशुद्ध होईपर्यंत पाच थापा आणि पाच दाब आळीपाळीने चालू ठेवावेत. दरम्यान दुसऱ्या कोणीतरी 108 ला फोन लावावा.

एक वर्षाच्या आत पोट दाबू नये, कारण यकृताला इजा होऊ शकते. पाय धरून उलटे टांगणे, टाळूवर फुंकर घालणे किंवा पाणी पाजणे यांचाही उपयोग नाही. वस्तू तोंडात स्पष्ट दिसत असेल तरच ती काढावी. न दिसता बोट घातले तर ती आणखी खोल जाते.

आपल्या घरांत हा धोका शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे आणि सीताफळाच्या बिया यांच्यापासून असतो, तसाच तो मनगट्यांतल्या काळ्या मण्यांपासून आणि करदोट्याच्या सुटलेल्या घुंगरांपासूनही असतो. ठसका लागून थांबला, पण त्यानंतर खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज राहिला, तर वस्तू श्वासनलिकेत उतरलेली असू शकते. एक्स-रे मध्ये दाणा दिसत नाही. म्हणून ठसक्याची घटना डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

बाळाचा श्वास थांबला आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचे?

तळपायाला टिचकी मारून आणि हाक मारून बाळ प्रतिसाद देते का ते पाहावे. त्याला गदागदा हलवू नये, कारण त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दहा सेकंदांहून अधिक वेळ न घालवता छाती हलते का ते पाहावे. मधूनच एखादा आचका दिल्यासारखा श्वास म्हणजे श्वास नव्हे. प्रतिसाद नसेल आणि श्वास नसेल, तर मोठ्याने मदत मागावी, फोन स्पीकरवर ठेवून 108 लावावा आणि लगेच सुरुवात करावी.

बाळाला जमिनीवर किंवा टेबलावर उताणे ठेवावे. दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन्ही अंगठ्यांनी, किंवा ते जमत नसेल तर एका तळहाताच्या मनगटाकडील भागाने, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दाब द्यावा. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 4 सेंटिमीटर खोल जावा, मिनिटाला 100 ते 120 या गतीने द्यावा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. असे 30 दाब झाले की डोके सरळ ठेवून, मान मागे फार न वाकवता, बाळाचे तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकावे आणि दोन हलके श्वास द्यावेत. प्रत्येक श्वास सेकंदभराचा आणि छाती वर उचलली जाईल एवढाच असावा. मोठ्या माणसाची पूर्ण फुंकर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. बाळ हालचाल करू लागेपर्यंत किंवा मदत पोहोचेपर्यंत हे चक्र चालू ठेवावे. एकटे असाल आणि फोन जवळ नसेल, तर दोन मिनिटे हे करून मग बाळाला घेऊनच मदतीसाठी जावे.

तोंडाने श्वास देण्याचा भाग गाळू नये. मोठ्या माणसात पुष्कळदा हृदय आधी बंद पडते. बाळात बहुतेक वेळा श्वास आधी अडतो आणि प्राणवायूअभावी हृदय नंतर थांबते. म्हणून बाळाच्या बाबतीत ते दोन श्वास फार मोलाचे असतात. "चुकीचे केले तर काय" या भीतीने हात आखडू नये. श्वास नसलेल्या बाळाला न केलेल्या प्रयत्नाइतके अपायकारक दुसरे काही नाही.

झटके आले तर?

घड्याळात वेळ पाहावी, बाळाला कुशीवर वळवावे, मानेजवळचे कपडे सैल करावेत आणि तोंडातून येणारा फेस पुसावा. दातखिळी उघडण्यासाठी चमचा घालू नये, पाणी किंवा औषध तोंडात सोडू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, पुन्हा आला किंवा नंतर बाळ शुद्धीवर आले नाही, तर 108 बोलवावी.

तापामुळे येणारे साधे झटके सहा महिने ते पाच वर्षे या वयात येतात आणि बहुधा अपाय न करता थांबतात, परंतु पहिला झटका असेल तर तपासणी त्याच दिवशी झालीच पाहिजे. सहा महिन्यांच्या आत आलेला कोणताही झटका मात्र तापाचा म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे मेंदूज्वर, रक्तातील साखर किंवा कॅल्शियम कमी होणे अशी कारणे असू शकतात. नवजात बाळात हातपाय न झडता डोळे एकटक लागणे, ओठ चघळल्यासारखे हलणे किंवा सायकल चालवल्यासारखे पाय हलणे एवढेच दिसू शकते. घरात दुसरे कोणी असेल तर त्याचे मोबाइलवर चित्रण करावे, डॉक्टरांना ते अतिशय उपयोगी पडते.

उलटी आणि जुलाब कधी जिवावर बेततात?

दूध पिल्यावर थोडे बाहेर येणे नेहमीचे आहे. गडद हिरवी उलटी मात्र नवजात बाळात आतड्याला पीळ पडल्याची खूण असू शकते. अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत तुटतो, म्हणून बालशल्यचिकित्सक असलेले रुग्णालय त्याच वेळी गाठावे. तसेच बाळ थांबून थांबून कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, मधल्या वेळेत मलूल पडते आणि शीतून रक्तमिश्रित जेलीसारखी आव पडते, तर आतड्यात आतडे शिरल्याची शंका घ्यावी.

जुलाबात टाळू खोल जाणे, डोळे आत ओढले जाणे, रडताना अश्रू न येणे, सात-आठ तास लघवी न होणे आणि गुंगी येणे ही शरीरातील पाणी धोकादायकरीत्या कमी झाल्याची लक्षणे आहेत. जुलाब सुरू होताच अंगावरचे दूध चालू ठेवून, आरोग्य कार्यकर्तीने किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात ओआरएस वाटी-चमच्याने थोडे थोडे द्यावे. उलट, न रडणाऱ्या, बसते धरलेल्या बाळाची टाळू ताणलेली आणि फुगलेली वाटली व सोबत ताप असेल, तर मेंदूज्वराचा विचार करून धावावे.

कावीळ तर बहुतेक बाळांना होते. मग ती गंभीर केव्हा?

जन्मानंतर पहिल्या 24 तासांत दिसली, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ पीत नसेल, तर ती तातडीची अवस्था समजावी. कोवळे ऊन हा अशा काविळीवरील उपचार नाही.

बाळाने काही गिळले, भाजले किंवा विंचू चावला तर?

रॉकेल, फिनेल किंवा आम्ल पोटात गेले असेल तर उलटी करवू नये. वर येताना ते पुन्हा इजा करते आणि रॉकेल फुप्फुसात शिरते. देवघरातला कापूर तितकाच सांभाळण्यासारखा आहे, कारण त्याच्या लहान तुकड्यानेही बाळाला झटके येऊ शकतात. खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटणासारखा सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी एक्स-रे ची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जावे, कारण अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत तिला जाळू शकतो.

भाजल्यास त्या भागावर 20 मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे आणि बाकीचे अंग गरम ठेवावे. टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नये. विंचू चावल्यावर बाळाला दरदरून घाम सुटला आणि हातपाय गार पडले, तर विष हृदयावर परिणाम करत आहे असे समजावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे प्राझोसिन हे साधे औषध विंचूदंशावर वापरात आले आणि कोकणातली कितीतरी मुले वाचली, परंतु ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळेत मिळाले तरच उपयोगी पडते. त्यामुळे मांत्रिकाकडे जाण्यात घालवलेला वेळ थेट बाळाच्या जिवातून वजा होतो.

घरगुती उपाय करून पाहण्यात काय हरकत आहे?

हेतू मायेचा असतो, यात शंका नाही. तरीही नाकात तेल सोडल्याने ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, धुरीने श्वास आणखी अडतो आणि घुटीत किंवा चाटणात मध घातल्यास एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे चटके देण्याची, "डंबा" म्हणून ओळखली जाणारी प्रथा अजूनही अधूनमधून समोर येते; तिने मूळ आजार तर तसाच राहतोच, वर भाजण्याची आणि जंतुसंसर्गाची भर पडते. तेथील कुटुंबांना दोष देऊन हे थांबणार नाही. रात्री-अपरात्री उपचार हाताशी असले तरच थांबेल.

ते शक्य आहे, याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने 39 गावांतल्या स्त्रियांना श्वास मोजायला, तापमान पाहायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. वर सांगितलेल्या लक्षणांसाठी डॉक्टरी पदवी लागत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. आशाताई बाळंतिणीच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट देतात तेव्हा त्यांच्याकडून श्वास मोजणे प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

108 ची वाट पाहावी की स्वतःच्या गाडीने निघावे?

श्वास थांबला असेल, झटका चालू असेल किंवा ओठ निळे असतील, तर 108 बोलवावी, कारण तिच्यात प्राणवायू आणि प्रशिक्षित माणूस असतो. ती येण्यास फार वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे आणि वाटेत गाठता येईल का हे फोनवर विचारत राहावे. आजारी बाळाच्या मोफत वाहतुकीसाठी 102 ही सेवाही आहे. गोव्यातही 108 हाच क्रमांक चालतो.

सर्वांत मोठे रुग्णालय गाठण्यापेक्षा प्राणवायू आणि पहिले इंजेक्शन मिळेल ते सर्वांत जवळचे ठिकाण आधी गाठावे, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्र का असेना. तेथून जिल्हा किंवा स्त्री रुग्णालयातील नवजात शिशू विभागात पुढे पाठवताना डॉक्टरांना आधी फोन करण्याची विनंती करावी.

वाटेत काय सांभाळावे?

बाळाला आईच्या छातीशी, मान सरळ राहील असे धरावे आणि तोंड व नाक उघडे ठेवावे. थंडीच्या भीतीने दुपट्यात पूर्ण गुंडाळलेले बाळ दुचाकीवर गुदमरू शकते. कोणीतरी सतत त्याचा चेहरा पाहत राहिले पाहिजे. बाळ शुद्धीत असेल आणि ओढत असेल तर दूध पाजावे, एरवी तोंडातून काहीही देऊ नये. माता-बाल संरक्षण कार्ड आणि दिलेल्या औषधांच्या बाटल्या सोबत घ्याव्यात.

खासगी रुग्णालयाने आधी पैसे भरायला सांगितले तर?

तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवणारे उपचार कोणत्याही डॉक्टरने किंवा रुग्णालयाने अडवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. बाळाला स्थिर करा, पुढचे मग पाहू, असे ठामपणे म्हणण्याचा पालकांना अधिकार आहे. सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि वाहतूक मोफत आहे.

रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलो आणि बाळ हसू लागले. परत फिरावे का?

परत फिरू नये. रंग बदलणे, श्वास थांबणे किंवा अंग ढिले पडणे ही घटना मिनिटभरात मिटली तरी ती का घडली हे तपासावे लागते, आणि दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काही तास निरीक्षणाखाली ठेवावे लागू शकते. किती वेळ चालले, बाळ जागे होते की झोपेत, नुकतेच पिले होते का, हे आठवत असतानाच लिहून ठेवावे.

घरात आधीपासून काय तयार असावे?

डिजिटल थर्मामीटर, सेकंदकाटा असलेले घड्याळ, ओआरएसची पाकिटे आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले 108 व जवळच्या बालरोगतज्ज्ञांचे क्रमांक असावेत. फोन करताना सांगावा लागणारा पत्ता, वाडीचे नाव आणि जवळची खूण हेही त्याच कागदावर लिहावे. परदेशी मुलीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आई-वडिलांनी तिथला क्रमांक, म्हणजे अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999 आणि युरोपात 112, पोहोचल्या दिवशीच पाठ करावा.

छाती दाबणे आणि थापा मारणे बाहुलीवर हाताने करून शिकल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना मूलभूत जीवरक्षणाचे प्रशिक्षण देते; आपल्या बालरोगतज्ज्ञांना त्याबद्दल विचारावे. प्रशिक्षणाला केवळ आईने जाऊ नये. आई कामावर असताना बाळ ज्यांच्या मांडीवर असते ती आजी, मावशी किंवा पाळणाघरातली ताई यांनीही जावे, आणि बाळाला घेऊन निघण्यासाठी त्यांना कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागणार नाही, हे घरात आधीच सर्वांसमोर ठरवून ठेवावे.